ग्राफिक्स कार्डाची निवड, दिवाणखान्यातील संगणकासाठी

संगणकाच्या पडद्यावरील चित्राची गणना करून ते पडद्याकडे पाठविणाऱ्या स्वतंत्र मंडलफलकास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. त्रिमितीय व्हिडिओ खेळांत दृश्य दर सेकंदाला अनेक वेळा नव्याने रचावे लागते; त्यामुळे खेळ कितपत सुरळीत चालेल, हे मुख्यतः या कार्डावर अवलंबून असते. दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संचाला जोडलेला संगणक सामान्यतः लहान आकाराचा, कमी शक्तीच्या विद्युत् पुरवठ्याचा व बंदिस्त जागेत ठेवलेला असतो. पुष्कळदा तो कार्यालयाने वापरून काढून टाकलेला संगणक असतो. अशा संगणकासाठी अल्प खर्चात कार्ड निवडताना कार्डाच्या वेगाआधी संगणकाच्या मर्यादा विचारात घ्याव्या लागतात. कॅबिनेटमध्ये न मावणारे किंवा विद्युत् पुरवठ्याला न पेलणारे कार्ड कितीही वेगवान असले, तरी त्यावरील खर्च वाया जातो.

इतिहास : आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये विक्रीस आणलेल्या वैयक्तिक संगणकातही पडद्यासाठी वेगळे कार्ड बसवावे लागे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डामुळे वेगवान त्रिमितीय चित्रण घरगुती संगणकाच्या आवाक्यात आले. एनव्हिडिया कंपनीच्या १९९९ मधील जीफोर्स २५६ या कार्डात वस्तूंची स्थानांतरणे व प्रकाशयोजना यांची गणनाही चिपमध्येच होऊ लागली. २००४ पासून पीसीआय एक्सप्रेस हा जोडणीचा स्लॉट रूढ झाला. त्याच्या सर्व आवृत्त्या परस्परांशी जुळणाऱ्या असल्याने नवे कार्ड दहा वर्षांपूर्वीच्या संगणकातही सामान्यतः बसविता येते. जुना संगणक न टाकता केवळ कार्ड बदलून त्याचे आयुष्य वाढविणे शक्य होते, ते या गुणामुळेच.

पडदा व पाहण्याचे अंतर : कार्डावर पडणारा भार हा चित्रातील पिक्सेलांच्या, म्हणजे चित्रबिंदूंच्या, संख्येवर अवलंबून असतो. १,९२० × १,०८० या विभेदनात सु. २०.७ लाख, तर ४के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ३,८४० × २,१६० या विभेदनात सु. ८२.९ लाख, म्हणजे चौपट बिंदू असतात. दर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असल्यास प्रत्येक चित्रासाठी सु. १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात चौपट बिंदूंची गणना करणे अल्पमोली कार्डाला साधत नाही.

दिवाणखान्यात मात्र प्रेक्षक पडद्यापासून दूर बसतो व त्याचा लाभ घेता येतो. ४३ इंची संचाच्या पडद्याची रुंदी सु. ९५ सेंमी. असते, त्यावर १,९२० बिंदू मांडल्यास प्रत्येक बिंदू सु. ०.५ मिमी. रुंद होतो. २.५ मी. अंतरावरून हा बिंदू डोळ्याशी सु. ०.७ कला (१ कला = १/६० अंश) एवढा कोन करतो. निरोगी डोळ्याची विभेदनक्षमता साधारणतः १ कला मानली जाते. म्हणजेच एवढ्या अंतरावरून हे बिंदू सुटे दिसणे कठीण असते आणि ४के चित्रासाठी अधिक पैसे मोजून दिसण्यात फारसा फरक पडत नाही. पडदा मोठा असेल किंवा आसन जवळ असेल, तर हा हिशेब बदलतो. म्हणून खरेदीपूर्वी अंतर मोजून घेणे इष्ट ठरते.

कमी विभेदनात काढलेले चित्र गणिताने मोठे व रेखीव करण्याच्या पद्धतीही उपलब्ध आहेत. एनव्हिडियाची डीएलएसएस (२०१९) ही पद्धत त्या कंपनीच्या आरटीएक्स मालिकेतील कार्डांपुरती मर्यादित आहे. एएमडी कंपनीच्या एफएसआर (२०२१) या पद्धतीच्या प्रारंभीच्या आवृत्त्या इतर कंपन्यांच्या व जुन्या कार्डांवरही चालतात.

संचाला जोडणाऱ्या एचडीएमआय केबलची आवृत्तीही पहावी लागते. १.४ या आवृत्तीतून ४के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा पाठविता येते; २.० (२०१३) या आवृत्तीतून ६० वेळा, तर २.१ (२०१७) या आवृत्तीतून १२० वेळा. कार्ड, केबल व संच या तिन्हींपैकी जी आवृत्ती सर्वांत जुनी, तीच परिणामी लागू होते.

विद्युत् शक्ती : पीसीआय एक्सप्रेसच्या पूर्ण लांबीच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट शक्ती मिळू शकते, तीपैकी सु. ६६ वॉट १२ व्होल्टच्या वाहिनीवर असते. याहून अधिक शक्ती लागणाऱ्या कार्डाला विद्युत् पुरवठा एककातून, म्हणजे पॉवर सप्लायमधून, वेगळी तार जोडावी लागते. सहा टाचण्यांच्या जोडणीतून ७५ वॉट, तर आठ टाचण्यांच्या जोडणीतून १५० वॉट शक्ती देण्याची तरतूद असते. कार्यालयीन संगणकांत अशा तारा बहुधा नसतात. उदा., डेल कंपनीच्या २०१२ मधील ऑप्टिप्लेक्स ७०१० या संगणकाच्या लहान आवृत्तीत केवळ २४० वॉटचे पुरवठा एकक आहे. काही लहान संगणकांच्या पुस्तिकांत तर स्लॉटसाठी ७५ वॉटपेक्षाही कमी मर्यादा दिलेली असते. ती पाहिल्याखेरीज कार्ड घेणे धोक्याचे असते.

तार नसल्यास हार्ड डिस्कसाठी असलेल्या साटा जोडणीवर रूपांतरक लावून सहा टाचण्यांची जोडणी तयार करण्याचा मोह होतो. साटा जोडणीच्या १२ व्होल्ट वाहिनीची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट एवढीच असते. तिच्यातून ७५ वॉट खेचले गेल्यास जोडणी तापून वितळण्याचा व आग लागण्याचा धोका संभवतो. म्हणून वेगळी तार नसलेल्या संगणकासाठी केवळ स्लॉटमधील शक्तीवर चालणारे कार्ड निवडणे हाच सुरक्षित मार्ग होय.

आकारमान, उष्णता व आवाज : सर्वसाधारण कार्डाची मागील धातूची पट्टी सु. १२ सेंमी. उंच असते, तर बुटक्या कार्डाची सु. ८ सेंमी. असते. बारीक कॅबिनेटमध्ये केवळ बुटके कार्डच बसते. पंखा व उष्णताशोषक यांमुळे कार्ड एका स्लॉटची जागा व्यापते की दोन, हेही पहावे लागते. दोन स्लॉटमधील अंतर सु. २ सेंमी. असते. कॅबिनेटमधील मोकळी लांबी, उंची व जाडी ही तिन्ही मापे पट्टीने घेऊन कार्डाच्या उत्पादकाने दिलेल्या मापांशी ताडून पहावी. बुटक्या कार्डासोबत लहान पट्टी मिळते किंवा नाही, हेही विचारून घ्यावे.

कार्डाने घेतलेली जवळजवळ सर्व विद्युत् शक्ती अखेर उष्णतेत रूपांतरित होते. संगणक दूरचित्रवाणीच्या बंद कपाटात ठेवल्यास ही उष्णता आतच कोंडते, पंखा वेगाने फिरू लागतो आणि तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास कार्ड आपला वेग आपोआप कमी करते. ७५ वॉटचे कार्ड शांत बैठकीच्या खोलीत सोयीचे ठरते, ते या कारणानेही.

स्मृती व मार्गिका : खेळातील पृष्ठभागांची चित्रे कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत (मेमरीत) साठविलेली असतात. ती अपुरी पडल्यास माहिती स्लॉटमार्गे संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावी लागते व खेळ अडखळतो. या वाहतुकीचा वेग स्लॉटच्या मार्गिकांच्या संख्येवर अवलंबून असतो. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक मार्गिकेतून दर सेकंदाला सु. १ गिगाबाइट, तर चौथ्या आवृत्तीत सु. २ गिगाबाइट माहिती जाते. एएमडीच्या आरएक्स ६४०० या कार्डात चारच मार्गिका आहेत. चौथ्या आवृत्तीच्या संगणकात त्यांतून सु. ८ गिगाबाइट माहिती वाहते. जुन्या, तिसऱ्या आवृत्तीच्या संगणकात ती सु. ४ गिगाबाइटवर येते. त्यातच या कार्डाची स्मृती ४ गिगाबाइट एवढीच असल्याने जुन्या संगणकात त्याची अडचण दुहेरी होते. इंटेलच्या घरगुती संगणकांत चौथी आवृत्ती २०२१ मधील अकराव्या पिढीपासून आली, हे या संदर्भात लक्षात ठेवावे.

काही प्रमुख कार्डे : वेगळ्या तारेशिवाय चालणाऱ्या कार्डांची परंपरा एनव्हिडियाच्या जीटीएक्स ७५० टीआय (२०१४, ६० वॉट, २ गिगाबाइट) या कार्डाने लोकप्रिय केली. त्यानंतर जीटीएक्स १०५० टीआय (२०१६, ७५ वॉट, ४ गिगाबाइट) व जीटीएक्स १६५० (२०१९, ७५ वॉट, ४ गिगाबाइट) ही कार्डे आली. मात्र १६५० च्या काही प्रकारांना वेगळी तार लागते. एएमडीचे आरएक्स ६४०० (२०२२, ५३ वॉट) एका स्लॉटच्या बुटक्या आकारातही मिळते, वर सांगितलेल्या मार्गिकांच्या अडचणीमुळे ते नव्या संगणकातच शोभते. इंटेलच्या आर्क ए३८० (२०२२, ७५ वॉट, ६ गिगाबाइट) या कार्डात चित्रपटांसाठी वापरल्या जाणाऱ्या एव्ही१ संकेतनाची वाचन व लेखन या दोहोंची सोय आहे. तथापि त्याचा पूर्ण वेग मिळण्यासाठी रिसायझेबल बार ही सोय संगणकात असावी लागते व जुन्या कार्यालयीन संगणकांत ती सामान्यतः नसते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० (६ गिगाबाइट, २०२४) हे कार्ड ७० वॉटमध्ये चालते, बुटक्या आकारात मिळते व त्यावर डीएलएसएस पद्धत वापरता येते. वेगळ्या तारेशिवाय चालणाऱ्या वरील कार्डांत जुन्या संगणकासाठी ते सर्वांत निर्वेध ठरते. याच नावाचे ८ गिगाबाइटचे २०२२ मधील कार्ड मात्र १३० वॉटचे असून त्याला वेगळी तार लागते. केवळ नाव पाहून खरेदी केल्यास फसगत होते.

वेगळी तार असलेल्या संगणकास अधिक पर्याय मिळतात. आरटीएक्स ४०६० (२०२३, ११५ वॉट, ८ गिगाबाइट) हे कार्ड काही उत्पादकांनी बुटक्या आकारातही काढले. इंटेलचे आर्क बी५८० (२०२४, १९० वॉट, १२ गिगाबाइट) स्मृतीच्या दृष्टीने भरघोस असले, तरी त्यासाठी मोठे कॅबिनेट व नवा संगणक आवश्यक आहे.

वापरलेली कार्डे : खर्च वाचविण्यासाठी वापरलेले कार्ड घेणे पुष्कळदा योग्य ठरते, मात्र ड्रायव्हर प्रणालीचे उरलेले आयुष्य पहावे लागते. जीटीएक्स ७५० टीआय व १०५० टीआय ज्या पिढ्यांतील आहेत, त्यांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबविले. केवळ सुरक्षाविषयक सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. १६५० हे कार्ड त्यानंतरच्या पिढीचे असल्याने या निर्णयातून वगळले गेले. जुन्या चिपची अंतर्गत नोंद बदलून ती नव्या नावाने विकण्याचे प्रकारही आढळतात. जीपीयू-झेड या मोफत प्रणालीने कार्डाची खरी ओळख तपासता येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या सुट्या भागांच्या बाजारात कार्ड घेताना ते पैसे देण्यापूर्वी चालवून पाहणे व पावतीवर हमीचा कालावधी लिहून घेणे हिताचे असते.

निवडीचा क्रम : प्रथम संगणकाचा मुख्य प्रोसेसर पुरेसा आहे की नाही, हे ठरवावे. खेळाचे विभेदन कमी करूनही चित्रांचा वेग वाढत नसेल, तर अडथळा प्रोसेसरचा असतो व नवे कार्ड घेऊन उपयोग होत नाही. अडथळा कार्डाचाच असल्यास अनुक्रमे पुरवठा एककाची शक्ती व तारा, कॅबिनेटमधील जागा, स्लॉटची आवृत्ती आणि पडद्याचे अंतर या गोष्टी तपासाव्यात. या चारही चाळण्यांतून जी कार्डे उरतील, त्यांतच किंमत व वेग यांची तुलना करणे अर्थपूर्ण ठरते.

एकही कार्ड उरले नाही, तर अन्य मार्ग उपलब्ध असतात. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी (२०२१) यासारख्या प्रोसेसरमध्ये चित्रणाची सोय अंगभूत असून साध्या खेळांना ती पुरते. मात्र त्यासाठी मदरबोर्डही बदलावा लागतो. घरात दुसरा शक्तिमान संगणक असल्यास त्यावर चाललेला खेळ घरातील जाळ्यामार्गे दिवाणखान्यातील संगणकावर दाखविता येतो व अशा वेळी नव्या कार्डाऐवजी एक चांगली नेटवर्क केबल पुरेशी होते.