विद्यापीठाचा हिशेब विचारणार कोण?

कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण ताळेबंदातला रुपयान् रुपया विचारतो. मग पोरांची फी वाढली की नुसते चडफडत का बसायचे?

तेल्हारा तालुका १९८३ पर्यंत नागपूर विद्यापीठात होता, आता संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात आहे. तिथेही सभा असते, तिला अधिसभा म्हणतात. अंदाजपत्रक तिच्यापुढे येते. इमारतीवर किती, वसतिगृहावर किती, हे तिथे विचारता येते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पदवीधर आपले १० प्रतिनिधी तिथे निवडून देतात. पण नुसती पदवी घेतली म्हणजे मत मिळाले, असे नव्हे! अर्ज भरून नाव नोंदवावे लागते. वावराचा सातबारा आपण जपतो, हा अर्ज मात्र राहून जातो. घरात याच विद्यापीठाची पदवीधर सून असेल, तर तिचाही भरा.