दूरनियंत्रित जलवाहनाच्या टेदरचे व्यवस्थापन

दूरनियंत्रित जलवाहन (संक्षेपाने आरओव्ही) हे पाण्याखाली चालणारे मानवरहित वाहन असून त्याचा चालक नौकेवर अथवा किनाऱ्यावर बसून ते चालवतो. चालक आणि वाहन यांना जोडणाऱ्या लवचीक केबलला टेदर असे म्हणतात. टेदर किती सोडावा, केव्हा ओढून घ्यावा व कसा गुंडाळावा यासंबंधीच्या कार्यपद्धतीस टेदर व्यवस्थापन म्हणतात. टेदर अडकणे हा लहान आरओव्हीच्या वापरातील एक प्रमुख धोका आहे.

आवश्यकता

समुद्राच्या पाण्यात रेडिओ लहरी अल्प अंतरातच शोषल्या जातात. ध्वनिलहरी दूरवर पोहोचतात. परंतु त्यांद्वारे स्पष्ट थेट चित्रण पाठवता येत नाही. त्यामुळे कॅमेऱ्याचे चित्र व चालकाच्या आज्ञा यांची देवाणघेवाण केबलमधूनच केली जाते. वाहन बंद पडल्यास ते शोधण्यासाठी व परत आणण्यासाठीही टेदर उपयोगी पडतो.

रचना

टेदरमध्ये तांब्याच्या पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या अथवा प्रकाशीय तंतू असतात. बळकटीसाठी केव्हलारसारखे धागे आणि बाहेरून हलके आवरण वापरतात. टेदर पाण्यात बुडूही नये व वर तरंगूही नये, अशी त्याची घनता ठेवली जाते. गोड्या पाण्यात असा समतोल साधणारा टेदर समुद्राच्या अधिक घन पाण्यात किंचित वर येतो. त्यामुळे तो तळावरील खडकांपासून दूर राहतो. मात्र पृष्ठभागाजवळ तो नौकेच्या पंख्यात सापडण्याची शक्यता असते.

प्रवाहाचा रोध

टेदरवरील पाण्याचा रोध त्याची लांबी, जाडी आणि प्रवाहाच्या वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणार्थ, ७.६ मिलिमीटर जाडीच्या १०० मीटर टेदरवर सेकंदाला ०.५ मीटर वेगाचा प्रवाह आडवा येत असल्यास, रोध गुणांक १.२ धरून, सुमारे ११७ न्यूटन, म्हणजे जवळपास १२ किलोग्रॅम वजनाइतका रोध निर्माण होतो. वेग दुप्पट झाल्यास तो चौपट होतो. टेदरची जाडी ४ मिलिमीटर असल्यास मूळ वेगाला हाच रोध सुमारे ६२ न्यूटन इतका राहतो. म्हणजेच लहान वाहन किती दूर जाऊ शकेल, हे बहुधा वाहनापेक्षा त्याच्या मागील केबलवर ठरते. यास्तव आवश्यक तेवढाच टेदर पाण्यात सोडतात.

हाताळणी

सामान्यतः एक व्यक्ती वाहन चालवते व दुसरी टेदर हाताळते. सोडलेली लांबी कळावी म्हणून टेदरवर ठरावीक अंतराने खुणा करतात. ढील कमी पडल्यास वाहन मागे खेचले जाते. अधिक झाल्यास वेटोळी पडून गुंता होतो. वाहन एकाच दिशेने वारंवार वळल्यास टेदरला पीळ बसतो. म्हणून चालक पूर्ण फेऱ्या मोजतो आणि तितक्याच उलट फेऱ्या घेतो. खांब किंवा बुडालेल्या जहाजाभोवती गेल्यास आलेल्या मार्गानेच परतणे आवश्यक असते.

टेदर अडकल्यास तो जोराने ओढल्याने गुंता अधिक घट्ट होतो. अशा वेळी थोडी ढील देऊन, वाहनाचा कॅमेरा वळवून व टेदरचा माग घेत अडकलेल्या जागेपर्यंत परत जातात. वापरानंतर टेदर गोड्या पाण्याने धुऊन, पीळ न पडेल अशा रीतीने रिळावर गुंडाळतात.

व्यवस्थापन प्रणाली

मोठ्या आरओव्हीसाठी जहाजावरून जड केबलच्या साहाय्याने एक पिंजरा खोलवर उतरवला जातो व त्यातून वाहनाचा हलका टेदर सोडला जातो. यामुळे लाटांमुळे होणारी जहाजाची वरखाली हालचाल वाहनापर्यंत कमी प्रमाणात पोहोचते. लहान वाहनांसाठी टेदरवर वाहनापासून काही अंतरावर वजन बांधून हाच हेतू काही अंशी साधला जातो.

उल्लेखनीय उदाहरणे

१९८६ मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांचे निरीक्षण करणारे जेसन ज्युनिअर हे लहान वाहन ॲल्विन या पाणबुडीस टेदरने जोडलेले होते. २००१ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांच्या मोहिमेत त्याच जहाजाच्या आत पाठवलेल्या लहान वाहनांमध्ये प्रकाशीय तंतूचे रीळ वाहनातच बसवले होते. वाहन पुढे जाताना तंतू मागे सोडत असल्याने तो कोपऱ्यांवरून ओढला जात नसे. जपानचे काइको हे मोठे वाहन १९९५ मध्ये चॅलेंजर डीप या महासागरातील सर्वांत खोल भागात पोहोचले होते. २९ मे २००३ रोजी शिकोकू बेटानजीक, वाहन व त्याचा प्रक्षेपक यांना जोडणारी केबल तुटून ते कायमचे गमावले गेले.