गजकाठी, खतावणी आणि चामड्याचा जोडा

ब्रिटिश अमदानीतील तालुक्याच्या गावात कापडाचे दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक ओटी आणि तिच्यावर अंथरलेली पांढरी गादी. तक्क्याला टेकून शेठ बसलेले, बाजूला लाकडी पेटी आणि लाल कापडात बांधलेल्या वह्या. काचेची कपाटे नव्हती, किमतीच्या चिठ्ठ्या नव्हत्या. माल आत रचलेला असे आणि गिऱ्हाईक पाहून बाहेर काढला जाई. धोतरजोडी, लुगडी, खण, पागोटी, मांजरपाट आणि छिटे एवढ्यावर हे दुकान चाले. तयार कपडे जवळजवळ नव्हतेच. शिवण्याचे काम शिंप्याचे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्र आल्यावर तोही पुष्कळदा याच ओटीच्या कोपऱ्यात येऊन बसला.

या दुकानाचे रूप पालटले ते रेल्वेमुळे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुटली, १८५८ मध्ये रूळ पुण्यास, १८६० मध्ये सोलापुरास आणि १८६७ मध्ये नागपुरास पोहोचले. तोवर गावचा कोष्टी वा साळी विणी आणि आठवड्याच्या बाजारात विकी. आता मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधून घेतलेला गठ्ठा काही दिवसांत स्टेशनावर उतरू लागला. त्यात मँचेस्टरचा माल मोठा. प्रत्येक ठाणावर रंगीत छापील तिकीट चिकटवलेले असे. त्यावर देवदेवता, राजे, हत्ती, वाघ. अक्षर न वाचता येणारे गिऱ्हाईक ‘तो वाघाचा दे’ म्हणून मागे आणि दुकानदारालाही तेवढे पुरे. विलायती कारखानदारांनी आपली देवळे आणि पुराणे इतक्या बारकाईने अभ्यासली होती, हे पाहून आजही कौतुक वाटते.

कौतुकाला दुसरी बाजूही होती. या कापडाला भरमसाट खळ दिलेली असे, चिनी मातीचाही वापर होई. पहिल्या धुण्यात खळ वाहून गेली की हाती विरविरीत जाळी उरे. लांबीचीही फसगत चालेच. १८८९ च्या व्यापारी चिन्हांविषयीच्या कायद्याने आयात ठाणांवर लांबी वारांत छापणे सक्तीचे केले. पण ठाण फाडून चार हात विकताना गजकाठी दुकानदाराच्याच हाती. कापड ताणून मोजायचे की सैल सोडून, यात त्याची नियत कळे.

तरीही शेतकरी फसला तो मोजणीत फार नव्हे, उधारीत. लग्नसराई वैशाखात, पीक हाती येणार मार्गशीर्षात. मधल्या काळात लुगडे घ्यायचे तर खतावणीत नाव चढल्यावाचून गत्यंतर नसे. गावोगावी कापड, धान्य आणि कर्ज हे तिन्ही व्यवहार बहुधा एकाच गादीवर होत. त्यामुळे लुगड्याची किंमत किती आणि व्याज किती, हे वेगळे काढणे ऋणकोच्या आवाक्याबाहेरचे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, आजूबाजूच्या गावांतून जमलेल्या कुणब्यांनी दुकानांवर चाल केली. धान्याची दुकाने लुटली गेली, पण जमावाचा रोख मुख्यतः वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर होता. ते बाहेर काढून जाळण्यात आले. दंगल पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. तिची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. मात्र उधारीची गरज कायद्याने संपत नाही. वह्या पुन्हा लिहिल्या गेल्या.

दुकानाच्या ओटीवर कोणी चढायचे, यालाही अलिखित नियम होते. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाने खाली रस्त्यावर उभे राहून माल मागायचा. पैसे दुरून ठेवायचे आणि कापड दुरूनच घ्यायचे. ज्या वस्तूची पारखच हाताच्या स्पर्शाने करायची, ती हात न लावता विकत घ्यावी लागे. पैसे देऊनही घेतलेले वस्त्र हवे तसे नेसता येई असे नाही. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची हीनत्वदर्शक पद्धत सोडून स्पृश्य स्त्रियांप्रमाणे नेसण्याचे आवाहन केले. लुगडे तेच असले तरी नेसण्याची तऱ्हा जात सांगे.

पादत्राणांच्या बाबतीत हे बंधन अधिकच जाचक. पुष्कळ गावांत वरिष्ठ जातींच्या वस्तीतून जाताना दलितांना वहाणा हातात घ्याव्या लागत. त्या वहाणा बनवणारे हात मात्र चर्मकारांचेच. लहान गावात जोड्यांचे स्वतंत्र दुकान विरळाच. चर्मकार आपल्या घरासमोर किंवा आठवडी बाजारात बसे, पायाचे माप घेई आणि बलुत्याच्या धान्यावर किंवा रोखीने जोडा देई. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले म्हशीचे चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिवण. कोल्हापुरी वहाणेचे हे तंत्र याच वस्त्यांनी जपले. नवी वहाण पायाला चावे, म्हणून तिला तेल पाजावे लागे. पुढे कच्च्या कातड्याची निर्यात वाढली तसे चांगले चामडे महाग झाले. १९३१ मध्ये बाटा कंपनी हिंदुस्थानात स्थापन झाली आणि १९३४ मध्ये कलकत्त्याजवळ बाटानगरचा पाया घातला गेला. ठरीव किमतीचा, ठरीव मापाचा जोडा हे गावाला नवेच होते. घासाघीस नाही, जातीची चौकशी नाही. पण चर्मकाराचे गिऱ्हाईक मात्र तुटले.

कापड दुकानदाराची खरी कोंडी स्वदेशीने केली. सार्वजनिक काकांनी १८७२ मध्येच देशी कापड वापरण्याचे व्रत घेतले होते. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि गावोगावचे लोक ‘देशी आहे का’ असे विचारू लागले. परंतु गिरण्यांच्या देशी मालावर सरकारने १८९६ पासून साडेतीन टक्के उत्पादन शुल्क लादले होते. ते १९२५ मध्ये स्थगित झाले. होळीत जळे ते गिऱ्हाइकाचे कापड, बहिष्कारात अडकून पडे ते दुकानदाराचे भांडवल, आणि तेही मुंबईच्या अडत्याकडून उधार घेतलेले. काहींनी मनापासून खादी ठेवली, काहींनी पुढच्या फळीवर खादी आणि मागच्या कपाटात विलायती. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे बाबू गेनू सैद यांनी प्राण दिले. त्यानंतर तो माल उघडपणे विकणे ही साधी गोष्ट राहिली नाही.

दुसऱ्या महायुद्धात या व्यापाराची उरलीसुरली मोकळीक गेली. लष्करासाठी गिरण्यांचा माल वळवला जाऊ लागला, भाव भडकले आणि १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. कापडावर कमाल किंमत छापली जाऊ लागली आणि वाटप शिधापत्रिकेवर गेले. पिढ्यान् पिढ्या भाव सांगणारा शेठ आता छापलेला भाव वाचून दाखवू लागला, आणि जे ठाण त्या भावात द्यायचे नसे, ते दुकानात ‘संपलेले’ असे.