मुलींना पैसा हवा, केळुसकरही हवेत

दरवर्षी ३१ जुलैला धुळे जिल्ह्यातला भीमसैनिक लळिंगच्या लांडोर बंगल्याकडे निघतो. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे थांबले होते. गावोगावच्या आयाबहिणी मुलींना बोटाला धरून येतात. आपण नतमस्तक होतो आणि घरी परततो. यंदा पिंपळनेरला परतताना एक प्रश्न सोबत आणू या : यातल्या किती मुली दहावीनंतर कॉलेजात जातील?

बाबासाहेब घडले ते स्वतःच्या बुद्धीने आणि कष्टाने. पण वाटेत दोन हात पुढे आले, हेही विसरता येत नाही. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा याच गुरुजींनी त्यांना सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. पैसा महाराजांचा, पण परळच्या चाळीतल्या मुलाला त्या पैशापर्यंत नेणारा माणूस लागलाच.

आज महाराजांच्या जागी शासन आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, मुलींची शासकीय वसतिगृहे आहेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधार जोडलेले बँक खाते, ऑनलाईन अर्ज आणि त्याची शेवटची तारीख, हे सारे त्या मुलीला कोण सांगणार? गुजरातेत ऊसतोडीला गेलेला बाप? एक कागद राहतो, वर्ष वाया जाते. तेवढ्यात स्थळ येते आणि पुस्तके कायमची मिटतात.

केळुसकरांची उणीव आहे ती इथे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आपल्याविषयीच होती.

म्हणून नोकरदार बंधूंनो आणि भगिनींनो, जयंतीच्या वर्गणीबरोबर एका मुलीची जबाबदारी घ्या. शिष्यवृत्ती हातात पडेपर्यंत लागणारे खोलीभाडे, मेसचे पैसे, पुस्तके एवढे तरी द्या. पैसे तिच्याच खात्यात जमा करा. धनादेश देतानाचा फोटो नको. निकाल लागला की बुद्धविहारात दर रविवारी दोन तास अर्ज भरून द्यायला बसा. शिक्षिका, परिचारिका झालेल्या भगिनींनी महिन्यातून एकदा तरी तिच्या घरी जावे, आईशी बोलावे. शेजारच्या पाड्यावरची भिल्ल, कोकणा मुलगीही आपलीच समजावी.

सावित्रीमाई आणि जोतिरावांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ताने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. समाजाला जाब विचारणारी मुलगी तीन वर्षांत उभी राहिली! आपण एका मुलीला पदवीपर्यंतची पाच वर्षे देणार की नाही?

जयभीम!