माउथ ऑर्गन घेताना आधी पट्टी पाहा

दहा छिद्रांचा डायटॉनिक हार्मोनिका, म्हणजेच साधा माउथ ऑर्गन, एकाच पट्टीत जुळवलेला असतो. नवशिक्यांसाठी 'सी' अर्थात पांढरी एक पट्टी सोयीची. प्रारंभिक धडे बहुधा तिच्यातच असतात. आतला गाभा प्लास्टिकचा असल्यास तो लाकडाप्रमाणे ओलाव्याने फुगत नाही. मात्र या वाद्याच्या खालच्या सप्तकात मध्यम व धैवत नसतात. हा वाद्याचा बिघाड नव्हे आणि वादकाची चूकही नव्हे. तेथे साथीचे स्वरमेळ वाजावेत, यासाठीच ही रचना आहे. अनुभवी वादक श्वास ओढताना सूर वाकवून हे स्वर मिळवतात आणि निरनिराळ्या पट्ट्यांचे संच बाळगतात. सर्व कोमल-तीव्र स्वर सहज हवे असतील, तर बटणाचा क्रोमॅटिक हार्मोनिका निवडणे श्रेयस्कर ठरते.