पुजाऱ्यांची गावे: वाडी ते अनाथोथ

इचलकरंजीहून पंचगंगेच्या काठाने पूर्वेला गेले की कृष्णेच्या संगमावर नृसिंहवाडी लागते. परंपरेनुसार श्रीनृसिंह सरस्वती येथे 12 वर्षे राहिले आणि पादुकांची पूजा त्यांनी आलासच्या भैरंभटांकडे सोपवली. पुजारी घराणी आपले मूळ त्यांच्याकडेच नेतात. गावाचे अर्थकारणही या देवस्थानावरच उभे आहे.

प्राचीन इस्राएलात मात्र पुरोहितांची गावे साऱ्या देशात विखुरलेली होती. बायबलनुसार उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशाला स्वतंत्र प्रांत मिळाला नाही. इतर वंशांनी आपापल्या हिश्श्यातून त्यांना 48 नगरे व भोवतीची कुरणे दिली. त्यांतली 13 अहरोनाच्या वंशातील याजकांची होती. उपजीविकेसाठी लोक दशमांश देत. नियमशास्त्र शिकवणे हे लेव्यांचे काम होते. 48 पैकी 6 नगरांत, अनवधानाने हातून मनुष्यवध झालेल्याला सुडापासून आश्रय मिळे. संदेष्टा यिर्मया अनाथोथ या याजकनगरातलाच.

सर्व 48 नगरे प्रत्यक्षात एकाच वेळी अशी वसली होती का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फरक लक्षात ठेवावा: वाडीत देवस्थानाभोवती पुजाऱ्यांचे गाव वाढले, लेव्यांची नगरे मुख्यतः वस्तीसाठी होती, मंदिर यरुशलेमेत होते.