वृद्धांचे घर आणि घराचे भाडे

म्हातारपणी राहावयाचे कोठे, हा प्रश्न आपल्याकडे निघाला म्हणजे बोलणे लगेच दोन टोकांना जाते. एक पक्ष म्हणतो, मुलांनी सांभाळावे. दुसरा म्हणतो, वृद्धाश्रम काढावेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधी २००७ साली जो कायदा झाला, त्यानेही हीच दोन टोके धरली आहेत. मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली, आणि निराधारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून वृद्धाश्रम काढण्याची तरतूद केली. परंतु या दोहोंच्या मध्ये एक मोठा वर्ग उभा आहे. त्याचे हातपाय चालतात, स्वतःचा भात स्वतः टाकता येतो, वर्तमानपत्र वाचता येते, शेजाऱ्याशी भांडता येते. फक्त घरभाडे परवडत नाही. या माणसाला आश्रम नको आहे. त्याला एक खोली, एक ओटा, एक न्हाणीघर आणि दाराची किल्ली हवी आहे. अशा माणसाला परवडेल असे भाड्याचे घर कसे द्यावे, याचा साठ वर्षांहून अधिक काळ चाललेला एक प्रयोग अमेरिकेत आहे. त्यातले यश दिसते तशा चुकाही दिसतात, म्हणूनच तो विषय आम्ही निवडला.

अमेरिका म्हटले की श्रीमंती आपल्या डोळ्यांपुढे येते. पण तेथेही १९३५ च्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्यान्वये मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावरच ज्यांचा महिना निघतो, असे वृद्ध पुष्कळ आहेत, आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या स्त्रियांचा भरणा मोठा आहे. सरकारी स्वस्त घरे बांधण्याचा कायदा तेथे १९३७ सालीच झाला होता. मात्र ती घरे कुटुंबांसाठी होती, आणि एकटी विधवा म्हणजे काही कुटुंब नव्हे! एकट्या वृद्धाला त्या घरांत प्रवेश मिळण्यासाठी १९५६ साल उजाडावे लागले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ च्या गृहनिर्माण कायद्यात, खास वृद्धांच्या घरांसाठी एक कलम घातले गेले. त्याचा क्रमांक २०२, आणि आजही ही योजना तेथे त्या क्रमांकानेच ओळखली जाते. कल्पना साधी होती. सरकारने स्वतः घरे बांधावयाची नाहीत. चर्च, धर्मादाय मंडळे, नफा न घेणाऱ्या संस्था यांनी ती बांधावीत, चालवावीत. सरकारने त्यांना दीर्घ मुदतीचे, हलक्या व्याजाचे कर्ज द्यावे. वयाची अट ६२ वर्षांची.

घरे चांगली झाली, पण त्यांत गरीब वृद्ध आले नाहीत. आले ते बेताच्या पण बऱ्या मिळकतीचे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण स्वस्त घराचे सारे गणित त्यात आहे. भाडे म्हणजे भिंतींची किंमत, असे आपण समजतो. वस्तुतः भाड्याचे दोन भाग असतात. एक भाग इमारत चालविण्याचा: पाणी, वीज, झाडलोट, लिफ्ट, रंगसफेदी, राखणदार. दुसरा भाग ती बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या हप्त्याचा. व्याज कितीही हलके केले तरी मुद्दल फेडावेच लागते, आणि ते फेडतो शेवटी भाडेकरूच. संस्थेने नफा सोडला, व्यवस्थापकाने पदरमोड केली, तरी हप्ता काही हटत नाही.

१९७४ साली या दुखण्यावर पहिला उपाय झाला. भाडेकरूने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे, उरलेले भाडे सरकारने भरावे, अशी व्यवस्था आली व ती २०२ च्या इमारतींना जोडण्यात आली. त्याने गरीब आत आले खरे. पण यात गंमत अशी की सरकार एका हाताने संस्थेला कर्ज देई, आणि दुसऱ्या हाताने त्याच कर्जाचा हप्ता फिटावा म्हणून भाडे भरी. १९९० साली हा द्राविडी प्राणायाम बंद झाला. तेव्हापासून कर्जाऐवजी भांडवलच देण्यात येऊ लागले. त्यावर व्याज नाही, आणि इमारत ४० वर्षे गरीब वृद्धांसाठीच ठेवली तर परतफेडही नाही. चालविण्याचा खर्च आणि भाडेकरूंकडून येणारी रक्कम यांत जी तूट पडेल, ती निराळ्या करारान्वये सरकार भरून देते.

आता भाडेकरूने किती द्यावयाचे? सर्वसाधारणपणे मिळकतीच्या ३० टक्के. हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. १९६९ साली मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांनी सरकारी घरांचे भाडे मिळकतीच्या २५ टक्क्यांहून अधिक नसावे असा नियम करवून घेतला. १९८१ साली काटकसरीच्या दिवसांत तोच आकडा ३० झाला. समजा, एका वृद्धेला महिना १,००० डॉलर मिळतात. तर तिचा वाटा सुमारे ३०० डॉलर, वीज व गॅस यांचा अंदाजे खर्च त्यातच धरलेला. औषधपाण्याचा खर्च मोठा असेल तर हिशेबात सूट मिळते, म्हणजे वाटा आणखी उतरतो. दरवर्षी मिळकतीचे कागद दाखवावे लागतात. हा वार्षिक जाच भाडेकरूंना आवडत नाही, आणि आम्हांलाही तो आवडला नसता; पण भाडे माणसाच्या मिळकतीला बांधावयाचे तर मिळकत पाहावीच लागणार.

आत घर कसे असते? बहुधा एक शयनगृह, लहान बैठक, स्वयंपाकाचा ओटा. काही ठिकाणी सारे एकाच खोलीत. न्हाणीघरात धरावयास दांडा, संकटात ओढावयाची दोरी, चाकांची खुर्ची जाईल एवढे रुंद दार. खाली एखादी सामाईक बैठक. जेवण, औषध, शुश्रूषा ही संस्था देत नाही. तो शुश्रूषागृहाचा प्रांत. मात्र अनेक इमारतींत सेवा जोडून देणारा एक पगारी मनुष्य असतो. दवाखान्याची गाडी ठरविणे, डबा लावून देणे, सरकारी पत्राचा अर्थ सांगणे, ही त्याची कामे. ही जागा लहान दिसते, पण एकट्या म्हाताऱ्याला आणखी काही वर्षे स्वतःच्या घरात ठेवण्याचे बरेचसे श्रेय तिलाच द्यावे लागेल.

आपल्याकडे स्वस्त भाड्याची घरे नव्हती असे नाही. मुंबईच्या चाळींतून कित्येक विधवांनी आणि निवृत्त गिरणी कामगारांनी अल्प भाड्यात म्हातारपण काढले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, आणि १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बहुतांशी पुढे चालू ठेवले. पण येथे भाडे आणि खर्च यांतील तूट टाकली कोणावर? घरमालकावर. त्याने दुरुस्ती थांबविली. जिना खचला, गच्ची गळू लागली. दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ काढावे लागले, तेही १९६९ चा कायदा करून. शिवाय ते संरक्षण मिळाले जुन्या भाडेकरूला. ज्या वृद्धेला आज नव्याने खोली हवी आहे, तिला त्याचा काय उपयोग? राज्याचे निराधार वृद्धांचे निवृत्तिवेतन २०२३ साली महिना १,५०० रुपये झाले. अमेरिकेचे ३० टक्क्यांचे माप लावले तर भाड्यापोटी ४५० रुपये निघतात. तेवढ्यात मुंबईत वा पुण्यात खोली सोडा, खाटेपुरती जागा मिळणे कठीण. म्हणजे केवळ घरे बांधून आपल्याकडचा प्रश्न सुटावयाचा नाही. चालविण्याच्या खर्चातली तूटही कोणीतरी वर्षानुवर्षे भरावी लागेल, आणि आपल्याकडच्या घरकुलांच्या चर्चेत या दुसऱ्या गोष्टीचा उच्चार क्वचितच होतो.

अमेरिकेने ती तूट सरकारवर घेतली, तिची किंमतही तेथे दिसते. अन्नसाहाय्य पात्र माणसाला मिळतेच. घराचे साहाय्य तसे हक्काचे नाही. पैसे असतील तितकीच घरे. २०१२ पासून काही वर्षे तर नव्या इमारतींना या कलमाखाली भांडवलच मिळाले नाही. जुन्या इमारती भरलेल्या, म्हणून नवा अर्जदार यादीवर जातो, आणि मोठ्या शहरांत ही यादी वर्षानुवर्षे सरकत राहते. मधूनमधून कार्यालय यादीतल्यांना पत्र पाठविते: आपणास अजून घर हवे आहे काय? ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर नाव कापले जाते. सत्तरी उलटलेली बाई या काळात कधी बहिणीकडे, कधी मुलीकडे, कधी इस्पितळात असते. पत्र मात्र जुन्याच पत्त्यावर जाते. म्हणून तेथे अर्ज भरून घेणारे जाणते लोक वृद्धांना बजावून सांगतात की, मुक्काम हलला तर आधी यादीच्या कार्यालयाला कळवा, नातेवाईकांना मागाहून कळविले तरी चालेल.